लिनक्समधील स्वॅप जागा काढून टाकणे

स्वॅप जागा म्हणजे रॅम अपुरी पडू लागल्यास तिच्यातील माहिती तात्पुरती हलविण्यासाठी डिस्कवर राखून ठेवलेला भाग होय. लिनक्स संचालन प्रणालीत तो स्वतंत्र पार्टिशन किंवा फाइल या स्वरूपात असतो. संगणक चालू असतानाही तो काढता येतो. मात्र वापरात असलेला भाग थेट पुसून टाकल्यास चालू प्रोग्रॅमांची माहिती नष्ट होऊ शकते.

कार्यपद्धती

प्रथम रूट अधिकाराने 'स्वॅपऑफ' ही आज्ञा दिली जाते. त्यानंतर कर्नेल त्या जागेत नवी पाने लिहिणे थांबवते आणि तेथील पाने रॅममध्ये परत आणते. वापर जास्त असल्यास यास बराच वेळ लागतो. काम पूर्ण झाल्यावरच ती जागा प्रणालीपासून अलग होते.

मर्यादा

परत येणारी पाने मावतील एवढी स्मृती उपलब्ध असणे आवश्यक असते. उदाहरणार्थ, स्वॅपमध्ये ३ जीबी माहिती असून उपलब्ध रॅम १ जीबीच असेल आणि दुसरी स्वॅप जागा नसेल, तर आज्ञा अयशस्वी होते किंवा प्रणाली स्मृतीअभावी अडचणीत येते. म्हणून आधी 'फ्री' या आज्ञेने दोन्ही आकडे पडताळावेत व गरजेनुसार काही प्रोग्रॅम बंद करावेत.

कायमस्वरूपी बदल

'स्वॅपऑफ'चा परिणाम संगणक पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो. त्यामुळे 'एफएसटॅब' या फाइलमधील संबंधित ओळही काढावी लागते. त्यानंतरच स्वॅप फाइल पुसावी किंवा पार्टिशन अन्य कामासाठी वापरावे. एकही स्वॅप जागा न उरल्यास हायबरनेशनची सोय मिळत नाही.