मिठाचा पगार आणि हरवलेली पलटण

बालाघाट जिल्ह्यात शाळेत हिंदी, घरात मराठी नाहीतर पोवारी आणि मोबाइलवर मिळेल ती भाषा, असा कारभार आहे. ऑडिओबुकं ऐकणाऱ्यांचं त्यामुळे चांगलंच फावतं. स्टोरीटेलनं 2017 मध्ये मराठी ऑडिओबुकं आणली, हिंदीत ऐकायला भरपूर मिळतं आणि लिब्रिवॉक्सवर जुने इंग्रजी ग्रंथ फुकट आहेत. शिवकालीन लढायांपासून सुरुवात करणारा श्रोता पानिपत उरकून कधी ना कधी रोमन सैन्यापर्यंत पोचतोच. अडचण एकच. छापील पुस्तकाला तळटीप असते, आवाजाला नसते. निवेदक भारदस्त आवाजाचा असला की दंतकथाही पुराव्यासारखी कानात शिरते. म्हणून रोमन शिपायांबद्दल हमखास ऐकू येणाऱ्या काही गोष्टी तपासून घेतलेल्या बऱ्या.

गैरसमज: ऐकणं म्हणजे आळशी माणसाचं वाचन.

वस्तुस्थिती: हे खुद्द रोमन लोकांनाच पटलं नसतं. थोरला प्लिनी हा जर्मनीत घोडदळाचा अधिकारी होता, पुढे आरमारप्रमुख झाला आणि इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गेला. जेवताना तो नोकराकडून पुस्तक वाचून घेई आणि टिपणं काढी. एकदा वाचणाऱ्याचा उच्चार चुकला, तेव्हा शेजारी बसलेल्या मित्रानं त्याला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. प्लिनी मित्रावरच चिडला. अर्थ कळला होता ना, मग माझ्या दहा ओळी फुकट का घालवल्या, असं त्याचं म्हणणं. हा किस्सा त्याच्या भाच्यानं पत्रात लिहून ठेवला आहे.

आजच्या संशोधनाचा कौल मात्र सरसकट नाही. 2016 च्या एका अमेरिकन अभ्यासात दुसऱ्या महायुद्धावरच्या पुस्तकाचा भाग काहींनी वाचला, काहींनी ऐकला. दोघांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. उलट 2010 च्या एका अभ्यासात अभ्यासाचा मजकूर ऐकून परीक्षेला बसलेले विद्यार्थी वाचणाऱ्यांच्या मागे पडले. कथा कानानं नीट कळते. आकडे, नावं आणि नकाशे यांना कागद लागतो, एवढं यातून घ्यायला हरकत नाही.

गैरसमज: रोमन शिपाई उठल्यापासून झोपेपर्यंत लढत असे.

वस्तुस्थिती: ऑडिओबुकात एकामागून एक लढाया येतात, कारण त्या ऐकायला रंगतात. इंग्लंडच्या उत्तरेला विंडोलांडा नावाचं रोमन ठाणं होतं. तिथे 1973 पासून शाईनं लिहिलेल्या पातळ लाकडी पट्ट्या सापडत आल्या आहेत. त्यांतली एक पट्टी म्हणजे इ.स. 90 च्या दशकातली, 18 मे या तारखेची हजेरी आहे. पलटणीची एकूण संख्या 752. त्यांतले 456 ठाण्याबाहेर, त्यातही 337 दुसऱ्या ठाण्यावर आणि 46 गव्हर्नरच्या पहाऱ्याला. जागेवर उरले 296. त्यांत 15 आजारी, 6 जखमी आणि 10 जणांचे डोळे आलेले. कामाला सुदृढ माणसं फक्त 265.

डोळे आलेले शिपाई जखमींपेक्षा जास्त! दुसऱ्या एका पत्रात कुणीतरी कुणाला मोजे, चपला आणि आतल्या चड्ड्या पाठवल्याचं कळवतो. बालाघाटकरांना हे फारसं समजावून सांगायला नको. जंगलपट्ट्यात सुरक्षा दलांचे कॅम्प त्यांनी वर्षानुवर्षं पाहिले आहेत. गस्त, पहारा, सामानाची ने-आण आणि वाट पाहणं यातच शिपायाचे बहुतेक दिवस जातात. रोमन शिपायाच्या वाट्याला त्याशिवाय रस्ते, पूल आणि तटबंदी बांधण्याचं कामही येई.

गैरसमज: रोमन शिपायाला पगार मिठात मिळे.

वस्तुस्थिती: ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती खोटी असेल अशी शंकाही येत नाही. पगार नाण्यांत ठरलेला असे. ऑगस्टस बादशहाच्या काळात साध्या शिपायाला वर्षाला 225 दिनार मिळत, तेही तीन हप्त्यांत. इजिप्तमध्ये नोकरीला असलेल्या दोन शिपायांच्या पगाराचा हिशेब एका पपायरसवर शिल्लक आहे. तो इ.स. 80 च्या सुमाराचा असून सध्या जिनिव्हात आहे. एकाच्या पहिल्या हप्त्याचा जमाखर्च असा: जमा 248 द्राक्मा (इजिप्तमधलं चलन). वजा गवत 10, जेवण 80, बूट आणि पट्टे 12, छावणीतल्या सॅटर्नेलिया सणाची वर्गणी 20, कपडे 60. एकूण कपात 182, शिल्लक 66.

म्हणजे जेवण आणि बूटसुद्धा शिपायाच्याच खिशातून जात आणि सणाची वर्गणीही चुकत नसे.

गैरसमज: रोमन सैन्य म्हणजे इटलीतून आलेले रोमन.

वस्तुस्थिती: लीजन म्हणजे सुमारे पाच हजार पायदळाचं दल. त्यात रोमन नागरिक असत, पण काळ पुढे सरकला तसे तेही इटलीबाहेरच्या प्रांतांतून येऊ लागले. शिवाय जवळपास तेवढंच सैन्य सहायक पलटणींचं होतं. वर हजेरी दिलेली पलटण आजच्या बेल्जियमच्या भागातल्या तुंग्री लोकांची. तिरंदाज सीरियाचे, घोडेस्वार गॉलचे, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातले. पंचवीस वर्षं नोकरी केली की सहायक शिपायाला रोमन नागरिकत्व मिळे आणि त्याचा दाखला ब्राँझच्या पत्र्यावर कोरून घेता येई. असे शेकडो पत्रे आज संग्रहालयांत आहेत.

गैरसमज: नववी लीजन स्कॉटलंडच्या धुक्यात गेली आणि एकही माणूस परतला नाही.

वस्तुस्थिती: ही गोष्ट लोकप्रिय झाली ती रोझमेरी सटक्लिफ यांच्या 1954 च्या कादंबरीमुळे. पुढे तिच्यावर सिनेमाही निघाला. नवव्या लीजनचा ब्रिटनमधला शेवटचा तारीख लावता येणारा शिलालेख यॉर्कचा, इ.स. 108 चा. पण तिचे शिक्के असलेल्या विटा-कौलं नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथेही मिळाली आहेत. म्हणजे तिची निदान एक तुकडी तरी समुद्र ओलांडून गेली होती. इ.स. 160 च्या दशकाच्या सुमाराच्या लीजनांच्या यादीत मात्र तिचं नाव नाही. ती नेमकी कुठे संपली यावर अभ्यासकांचं आजही एकमत झालेलं नाही. कादंबरी उत्तम आहे, पण तो पुरावा नव्हे.

गैरसमज: सीझरनं स्वतः लिहिलंय, म्हणजे खरंच असणार.

वस्तुस्थिती: गॉलच्या मोहिमेवरचा सीझरचा ग्रंथ लिब्रिवॉक्सवर फुकट ऐकता येतो आणि ऐकावाही. पण सीझर त्यात स्वतःविषयी ‘सीझरनं असं केलं’ अशा तऱ्हेनं लिहितो. त्यामुळे कुणी तिऱ्हाईत सांगतो आहे असं वाटतं. हेल्वेटी टोळीसह स्थलांतराला निघालेले लोक तो 3,68,000 सांगतो आणि घरी परतलेले 1,10,000. आजचे अनेक इतिहासकार हे आकडे फुगवलेले मानतात. हा सेनापतीनं रोममधल्या राजकारणावर डोळा ठेवून लिहिलेला वृत्तान्त आहे. मराठी श्रोत्याला याची सवय असायला हवी. बखरीतला लाखोंच्या फौजेचा आकडा आपण जसा जपून घेतो, तसाच हाही घ्यावा.

गैरसमज: रोमन सैन्याचा आणि आपला काही संबंध नाही.

वस्तुस्थिती: एकही लीजन भारतात आली नाही, हे खरं. पण तांबड्या समुद्रातल्या फरासान बेटांवर सापडलेला इ.स. 143-144 चा लॅटिन शिलालेख सांगतो की इजिप्तच्या लीजनची एक तुकडी तिथे तैनात होती. भारताकडे येणारी गलबतं याच समुद्रातून जात. चाच्यांच्या भीतीनं त्या गलबतांवर तिरंदाजांच्या तुकड्या ठेवत, असं तोच थोरला प्लिनी लिहितो. या व्यापारातून आलेली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझमूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडली. बालाघाटवरून वाहणारी वैनगंगा पुढे भंडारा जिल्ह्यात पवनीला जाते. तिथे बौद्ध स्तूपांचे अवशेष आहेत आणि सातवाहन काळातही ते गाव नांदतं होतं. म्हणजे फरासानवर रोमन पहारा होता, त्याच युगात आपल्या नदीकाठीही मोठी वस्ती होती.

ऐकणं सोडायची गरज नाही. ऑडिओबुक सुरू करण्याआधी ती कादंबरी आहे की इतिहास, एवढं पाहा. लेखक कोण आणि त्यानं कधी लिहिलं, तेही पाहा. काही ऑडिओबुकांबरोबर नकाशांची पीडीएफ मिळते, ती उघडा. मोठा आकडा आला की थांबवून लिहून घ्या. आणि लेखकाला हे कशावरून कळलं, हा प्रश्न सोडू नका. शिलालेख, हजेरीची पट्टी, पगाराचा कागद यांपैकी काहीच पुढे येत नसेल, तर गोष्ट मनसोक्त ऐका, पण पोरांना ती इतिहास म्हणून सांगू नका.