महापूजेची बातमी कुठल्या रकान्यात टाकायची?

‘मराठी वृत्तवाहिन्यांवरील राजकीय व सामाजिक बातम्यांचे तुलनात्मक अध्ययन’. सिनॉप्सिसवर असं शीर्षक टाकायला पाच मिनिटं लागतात. मीही टाकलं होतं. गाईड सरांनी ते वाचलं आणि एवढंच विचारलं, “यातली ‘व’च्या अलीकडची बातमी कुठली आणि पलीकडची कुठली, ते कसं ठरवणार?” मला वाटलं, यात काय ठरवायचंय? बघितलं की कळतं. पुढचे चार महिने त्या एका प्रश्नात गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

माझ्या पायलट स्टडीचा काळ आठवून बघा. २० जून २०२२. सकाळी विधान परिषदेच्या निवडणुकीचं मतदान सुरू झालं आणि त्याच दिवशी देहूतून तुकोबांच्या पालखीचं प्रस्थान झालं. कोरोनामुळे दोन वर्षं पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या, त्यामुळे पायी वारीला तुफान गर्दी. दुसऱ्या दिवशी आळंदीहून माऊली निघाल्या, आणि तोपर्यंत एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन सुरतेत पोहोचले होते. मग गुवाहाटी, ‘काय झाडी, काय डोंगार’, २९ जूनला उद्धव ठाकरेंचा राजीनामा, ३० जूनला नवा शपथविधी. शेवटी १० जुलैला आषाढी एकादशी, आणि विठ्ठलाची शासकीय महापूजा नव्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते.

राज्याचं राजकारण आणि समाजजीवन, दोन्ही एकाच वेळी एकाच पडद्यावर. अभ्यासकाला आणखी काय हवं? मलाही तेच वाटलं. इथेच पहिली चूक झाली.

असे तीन आठवडे सलग घेतले आणि ‘मराठी वाहिन्या राजकारणालाच जागा देतात’ असा निष्कर्ष काढला, तर तो त्या तीन आठवड्यांपुरताच खरा. सरकार काही दर जूनमध्ये पडत नाही. म्हणून रचित आठवडा घेतात: संपूर्ण काळातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठी टाकून एक सोमवार, सगळ्या मंगळवारांतून एक मंगळवार, असे सात वार. पण हे सूत्र वर्तमानपत्रांच्या अभ्यासातून आलेलं आहे, ते टीव्हीला डोळे झाकून लावू नका. डॅनियल रिफ आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अमेरिकी नेटवर्कच्या बातमीपत्रांवर वेगवेगळ्या पद्धती तपासल्या. तिथे वर्षभराच्या अभ्यासासाठी दर महिन्यातून यादृच्छिक दोन दिवस, म्हणजे एकूण २४ दिवस, ही पद्धत सर्वांत किफायतशीर ठरली. आपल्या चोवीस तास चालणाऱ्या वाहिन्यांना ती जशीच्या तशी बसेल असं नाही, पण सुरुवात करायला आधार मिळतो. एखाद्या संकटाचाच अभ्यास करायचा असेल तर सलग दिवस जरूर घ्या, फक्त शीर्षकात तसं स्पष्ट म्हणा.

आणि नमुना ठरवला की रेकॉर्डिंग त्याच दिवसापासून सुरू करा. हे मी ओरडून सांगतोय. अमेरिकेत वँडरबिल्ट विद्यापीठ १९६८ पासून राष्ट्रीय नेटवर्कची बातमीपत्रं जपून ठेवतंय. मराठी वाहिन्यांसाठी विद्यार्थ्याला तसं सहज उघडणारं दार नाही. परवान्याच्या अटींनुसार वाहिनीला प्रसारणाची नोंद ९० दिवस ठेवावी लागते, पण ती सरकारने मागितली तर दाखवण्यासाठी, तुमच्या-माझ्यासाठी नाही. मी निवांत होतो, ‘यूट्यूबवर आहे की सगळं.’ नव्हतं. तिथे होत्या सुट्या क्लिपा. कुठली बातमी आधी लागली, कुठली जाहिरातीनंतर गेली, कशाला किती वेळ मिळाला, यातलं काहीच त्यातून कळत नाही. वारीच्या गावोगावच्या छोट्या बातम्या तर शोधूनही सापडेनात. क्लिपांचा अभ्यास हा वेगळा अभ्यास आहे, त्याला बातमीपत्राचा अभ्यास म्हणू नका.

आता एककाचा प्रश्न. ‘सुपरफास्ट शंभर बातम्या’ हा प्रकार तुम्हाला माहीतच आहे. तालुक्याचा स्ट्रिंगर धावपळ करून दृश्यं पाठवतो, आणि पडद्यावर त्याचे दहा सेकंद होतात: कुठे टँकर, कुठे बिबट्या, कुठे पालखीचा मुक्काम. बातम्यांची संख्या मोजली तर समाजजीवन भरपूर दिसेल. सेकंद मोजले तर एका बंडखोर आमदाराची गाडी विमानतळावर पोहोचेपर्यंतचं लाईव्ह त्या सगळ्यांना गिळून टाकेल. दोन्ही आकडे खरे, निष्कर्ष उलटे. म्हणून दोन्ही मोजा, किंवा एकच का मोजला त्याचं कारण द्या. व्हायव्हात हे हमखास विचारतात.

मग आम्ही कोडिंगला बसलो. मी आणि एक मैत्रीण, तिच्या घरात तीन पिढ्यांची वारी. महापूजेची बातमी आली. मी लिहिलं ‘राजकीय’, तिने ‘सामाजिक’. मी म्हटलं, अगं, मुख्यमंत्री आहेत, कॅमेरा त्यांच्यावर आहे. ती म्हणाली, “आणि शेजारी मानाचे वारकरी उभे आहेत ते? आमच्या घरी ती बातमी मुख्यमंत्र्यांसाठी लावत नाहीत.”

असे मतभेद शेकडेवारीत लपतात. समजा १०० बातम्या आहेत. दोघांनी ७८ ला राजकीय म्हटलं, ४ ला सामाजिक म्हटलं. ८ बातम्या माझ्या मते राजकीय, तिच्या मते सामाजिक, १० उलट. सहमती ८२ टक्के, म्हणजे छानच की! पण मी एकूण ८६ ना राजकीय म्हटलंय आणि तिने ८८ ना. एवढं पारडं झुकलेलं असताना नुसत्या योगायोगानेही सुमारे ७७ टक्के जुळलं असतं. तो भाग वजा केला की कोहेनचा कप्पा उरतो जेमतेम ०.२. क्रिपेनडॉर्फ आपल्या अल्फासाठी ०.८०० ची अपेक्षा ठेवतो, आणि तात्पुरत्या निष्कर्षांसाठीही ०.६६७ च्या खाली जात नाही. कप्पा आणि अल्फा हुबेहूब एक नाहीत, पण ०.२ कुठल्याच मापात बसत नाही.

बरेच जण इथे कोडरला समजावतात, म्हणजे आपल्या बाजूला ओढतात. तसं करू नका. दोष कोडरचा नसतो, रकान्याचा असतो. ‘राजकीय’ म्हणताना मी बातमीतला माणूस बघत होतो आणि ‘सामाजिक’ म्हणताना ती प्रसंग बघत होती. एका रकान्यात आम्ही दोन प्रश्न कोंबले होते. कोडबुक फोडलं आणि चार रकाने केले: प्रसंग कशाचा, मध्यवर्ती व्यक्ती कोण, पडद्यावर प्रत्यक्ष बोलतं कोण, आणि ठिकाण कुठलं. प्रत्येकाला साधा नियम. उदाहरणार्थ, ‘बोलतं कोण’ म्हणजे ज्याचा आवाज बाईटमध्ये ऐकू येतो तो. निवेदक त्याच्याबद्दल बोलला तर धरायचं नाही.

त्यानंतर महापूजेवर भांडण झालं नाही. प्रसंग: वारी. मध्यवर्ती व्यक्ती: मुख्यमंत्री. ठिकाण: पंढरपूर. ‘बोलतं कोण’ भरण्यासाठी आम्ही हाताशी असलेली क्लिप पुन्हा लावली. मानाचे वारकरी फ्रेममध्ये होते, पण माईक त्यांच्यापर्यंत गेलाच नव्हता. मैत्रिणीने स्वतःच ‘मुख्यमंत्री’ लिहिलं आणि पुढची क्लिप लावली.