रस्त्यावरचा पोलीस आणि खिशातला व्हिसा

एडिसन (न्यू जर्सी) : मिहानमधल्या कंपन्यांतून इकडे प्रोजेक्टवर आलेल्या मुलांना नागपूरहून हल्ली एकच प्रश्न येतो, ‘पोलिसांनी अडवलं तर?’

गेल्या हिवाळ्यात ओक ट्री रोडवर मी अशाच एका मुलाच्या गाडीत होतो. मागे लाल-निळे दिवे लागले. त्याने गाडी कडेला घेतली, काच खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. इथे गाडीतून उतरायचं नसतं. पोलिसाने लायसन्स, गाडीचे कागद आणि विमा पाहिला, वेगाबद्दल पावती फाडली आणि तो गेला. व्हिसाचं नावही निघालं नाही.

नागपूरकराला याचं नवल वाटेल. मिहानमध्ये सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी इंजिनीअरला 14 दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि बहुतेक जिल्ह्यांत ती पोलीस अधिकाऱ्याकडेच होते. अमेरिकेत मात्र इमिग्रेशनचं काम ‘आइस’ या केंद्रीय यंत्रणेचं. केंद्राला आपलं काम राज्यांच्या पोलिसांवर लादता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1997 मध्ये बंदुकांसंबंधीच्या एका खटल्यात ठरवून दिलं.

राजीखुशीने मात्र करार करता येतो. 1996 च्या कायद्याने आणलेल्या कलम 287(जी) नुसार आइस स्थानिक पोलिसांना प्रशिक्षण देऊन आपल्या देखरेखीखाली हे काम सोपवते. फ्लोरिडात 2025 पर्यंत सर्व 67 काउंट्यांच्या शेरीफांनी असे करार केले. न्यू जर्सीने उलट वाट धरली. तेव्हाचे ॲटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांनी 2018 मध्ये आदेश काढला, की केवळ इमिग्रेशनच्या संशयावरून पोलिसांनी कुणाला अडवू नये. तेव्हा मुलाला नोकरी लागली की पगाराइतकंच राज्य कोणतं, हेही विचारा.

पण न्यू जर्सीतही गाफील राहू नये. अटक झाली की बोटांचे ठसे एफबीआयकडे आणि तिथून इमिग्रेशन खात्याकडे जातात. दारू पिऊन गाडी चालवल्याची एक केस व्हिसापर्यंत पोचते. शिवाय 18 वर्षांवरील परदेशी माणसाने आय-94 ही प्रवेशाची नोंद किंवा ग्रीन कार्ड जवळ बाळगावं, असा केंद्राचा कायदाच आहे.

तरीही ग्रेवालांचा आदेश मला मोलाचा वाटतो तो एका वेगळ्या कारणासाठी. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या कितीतरी मुली इथे आहेत. त्यांचं इथलं राहणंच त्याच्या नोकरीवर टांगलेलं असतं. त्यातल्या एखादीवर रात्री हात उगारला गेला, तर तिला 911 लावता आलं पाहिजे. दारात येणारा पोलीस आधी कागद मागेल की काय, या धास्तीने तिने फोन खाली ठेवू नये.