सुगरणीचा खोपा आणि वाचकाचे घर

कविता वाचताना वाचकाच्या मनात जो व्यक्तिगत प्रतिसाद उमटतो, त्याला समीक्षेच्या परिभाषेत आस्वाद म्हणतात. आणि कुटुंबभावनेने भारलेल्या निसर्गकवितेत हा आस्वाद किती खोल जातो, हे बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या सुगरणीच्या खोप्यावरील कवितेतून स्पष्ट दिसते. खानदेशातील आसोदे या गावी जन्मलेल्या बहिणाबाई निरक्षर होत्या; शेतात राबताना आणि जात्यावर दळताना स्फुरलेली त्यांची गाणी पुत्र सोपानदेव यांच्यामुळे टिकली आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

गवताच्या बारीक धाग्यांनी विणलेला, फांदीला लोंबणारा हा खोपा कवितेत पिलांसाठी झटणाऱ्या आईचे घर होतो. पक्षिशास्त्र मात्र सांगते, की खोपा विणतो तो नर. मादी अर्धवट विणलेला खोपा पारखून जोडीदार निवडते आणि पुढे अंडी उबवते. या तपशिलाने कवितेला उणेपणा येत नाही, कारण मानवीकरण, म्हणजे मानवेतर सृष्टीला माणसाच्या भावना बहाल करणे, हेच तिचे मर्म आहे. अवघ्या चोचीने साधलेली ती कारागिरी वाचताना वाचकाला आपल्या घरासाठी राबलेले हात आठवतात, आणि तरुणपणीच वैधव्य आल्यावर मुले वाढवणाऱ्या कवयित्रीचे जगणेही त्या शब्दांमागे जाणवते.

म्हणूनच ही कविता पाठ्यपुस्तकापुरती न ठेवता घरात मुलांसमवेत मोठ्याने वाचावी, आणि मग खरा खोपा दाखवण्यासाठी त्यांना विहिरीकाठच्या बाभळीपर्यंत न्यावे.