हायब्रीड गाडीला नवे टायर घेताना

हायब्रीड हा शब्द आपल्या शेतकऱ्याला नवा नाही. हायब्रीड ज्वारी त्याने पेरली आहे, खाल्लीही आहे. दोन जातींचा संकर करून तयार केलेले बियाणे म्हणजे हायब्रीड. हायब्रीड मोटारगाडीचेही तसेच आहे. तिच्यात पेट्रोलचे इंजिन असते आणि विजेची मोटरही असते. कधी इंजिन गाडी ओढते, कधी मोटर ओढते, कधी दोघे मिळून ओढतात. उतारावर किंवा ब्रेक दाबल्यावर तीच मोटर उलटे काम करते. ती वीज तयार करते आणि बॅटरीत साठवते. वाया जाणारा जोर पुन्हा कामी येतो. म्हणून अशी गाडी पेट्रोल कमी खाते.

टोयोटा कंपनीने जपानमध्ये अशी गाडी १९९७ साली विकायला काढली. आपल्याकडे टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा या गाड्या २०२२ साली आल्या, आणि त्या पुष्कळ खपल्या. कोणी घरासाठी घेतली, कोणी कर्ज काढून भाड्याने चालवायला घेतली. त्या वेळच्या पुष्कळ गाड्यांचे पहिले टायर आता घासले आहेत किंवा घासत आले आहेत. तेव्हा नवे टायर कोणते घ्यावेत, हा प्रश्न अनेक घरांत निघणार.

दुकानदार म्हणतो, "दादा, टायर म्हणजे टायर. गोल असला की झालं." पण तसे नाही. या गाडीला साध्या गाडीपेक्षा जास्त पैसे मोजले ते कशासाठी? ॲव्हरेजसाठी. आणि चुकीचा टायर बसवला तर त्या ॲव्हरेजमधले काही रोज रस्त्यावर सांडत जाते. ते डोळ्यांना दिसत नाही, एवढेच.

ते कसे, पाहू या. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते. ती दबत नाही. मोटारीचा टायर रबराचा. गाडीच्या वजनाने तो जमिनीशी दबतो, पुढे गेला की पुन्हा फुगतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात असे चालते. रबर दबायला जेवढा जोर लागतो, तेवढा सगळा परत मिळत नाही. काही जोर उष्णता होऊन जातो. लांबून आलेल्या गाडीच्या टायरला हात लावून बघा, गरम लागेल. ती उष्णता म्हणजे तुमच्या पेट्रोलचाच एक भाग. मोटारीच्या एकंदर तेलापैकी साधारण पाचवा हिस्सा या दबण्या-फुगण्यात जातो, असे जाणकार सांगतात. मग ज्या टायरचे रबर कमी तापते, तो टायर कमी तेल खातो. १९९२ च्या सुमारास मिशेलिन कंपनीने टायरच्या रबरात काजळीऐवजी सिलिका, म्हणजे वाळूच्या जातीची बारीक पूड, घालून असे टायर बाजारात आणले. पुढे इतर कंपन्यांनीही तो मार्ग धरला. हायब्रीड गाडी कारखान्यातून निघते तेव्हा बहुधा तिला अशाच कमी तेल खाणाऱ्या जातीचे टायर असतात.

आता हिशेब करू. समजा, एक टॅक्सीवाला आहे. त्याची गाडी लिटरला २० किलोमीटर जाते. टायरची एक जोडणी ४०,००० किलोमीटर चालली, तर पेट्रोल लागले २,००० लिटर. आता त्याने दर टायरमागे हजार रुपये वाचवून जड चालीचे चार टायर घेतले. वाचले ४,००० रुपये. पण त्या टायरांमुळे पेट्रोल शेकडा ४ जास्त लागले, असे धरा. २,००० लिटरवर शेकडा ४ म्हणजे ८० लिटर. लिटरला १०० रुपये धरले तर ८,००० रुपये झाले. चार वाचवून आठ घालवले! दुकानात पैसे एकदम मोजावे लागतात म्हणून ते खुपतात. पंपावर ते थोडे थोडे जातात, म्हणून कळत नाहीत. कागदावर मांडले की कळते.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग सगळ्यात कमी तेल खाणारा टायर घ्यावा, संपले काम. थांबा. टायरचे पहिले काम तेल वाचवणे हे नाही. पहिले काम गाडी थांबवणे आणि वळवणे. एवढी मोठी गाडी जमिनीला टेकते ती चार जागी, आणि प्रत्येक जागा तळहाताएवढी. जुलै महिन्यात आंबा घाटातून किंवा वरंधा घाटातून उतरताना घरच्या माणसांचा जीव त्या चार तळहातांवर असतो. रस्त्यावर पाणी असले की टायरच्या नक्षीतील खाचांनी ते बाजूला काढावे लागते. खाचा उथळ असल्या, की वेगात पाण्याचा थर टायरखाली राहतो आणि गाडी होडीसारखी तरंगते. मग स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही, ब्रेक दाबून उपयोग नाही.

म्हणून दुकानात दोन प्रश्न विचारावे. तेल कमी खातो का? आणि ओल्या रस्त्यावर पकड कशी? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळले, तर पहिल्याच्या उत्तराला किंमत देऊ नये. चांगल्या कंपनीचे टायर दोन्ही साधतात. सिलिकाचा गुणच तो, की रबर कमी तापते आणि ओल्यात पकड टिकते. १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या सरकारनेही नव्या नमुन्याच्या टायरांना या दोन्ही बाबतींत आणि आवाजाच्या बाबतीत मर्यादा घातल्या आहेत. काही टायरांवर फ्रिजवर असतात तसे ताऱ्यांचे लेबलही असते. पण ते तारे मुख्यतः तेलाच्या बचतीचे आहेत, एवढे ध्यानात असू द्या.

हायब्रीड गाडीची आणखी दोन-तीन खास लक्षणे आहेत. बॅटरी आणि मोटर यांमुळे ती त्याच मापाच्या साध्या गाडीपेक्षा जड असते. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते, म्हणून सिग्नल सुटल्यावर पाय जोरात दाबणाऱ्याचे पुढचे टायर लवकर घासतात. शिवाय हलका ब्रेक दाबला तर मोटरच गाडी अडवते, आणि बहुतेक गाड्यांत तो भारही पुढच्याच चाकांवर येतो. त्यामुळे ब्रेकची पॅड पुष्कळ दिवस टिकतात. हा फायदा खरा, पण त्याने माणूस गाफील होतो. पॅडच्या निमित्ताने मेस्त्री चाक काढायचा, तेव्हा टायरवर नजर जायची. आता ते निमित्त राहिले नाही. टायर आपणच बघितला पाहिजे. आणि ही गाडी हळू चालते तेव्हा इंजिन बंद असते, सगळे शांत. मग टायरचा घूंऽऽ आवाज कानाला जास्त लागतो. आवाजाचे मात्र फार मनावर घेऊ नये. ती सोयीची बाब आहे, जिवाची नाही.

आता टायर वाचायला शिकू या. होय, वाचायला! टायरच्या बाजूवर सगळे लिहिलेले असते. अक्षरे आणि आकडे इंग्रजी असतात. पण ते आकडे तुम्ही रोज मोबाईलवर पाहता. हायरायडरच्या टायरवर असे असते: २१५/६० आर १७. पहिला आकडा टायरची रुंदी, २१५ मिलिमीटर. दुसरा आकडा उंचीचा. टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ६०, म्हणजे १२९ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आतल्या दोऱ्यांच्या बांधणीचा प्रकार. १७ म्हणजे रिमचा व्यास १७ इंच. त्यापुढे ९६ एच असे असेल. ९६ हा वजनाचा सांकेतिक आकडा आहे. ९६ म्हणजे एक टायर ७१० किलो भार सोसतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगाला तो बांधला आहे. तेवढा वेग काढा असा त्याचा अर्थ नाही, बरं का! समृद्धी महामार्गावरसुद्धा मोटारींची मर्यादा ताशी १२० ची आहे. पण जो टायर जास्त वेगाला बांधलेला असतो, तो उन्हात आणि ओझ्याखाली तापणे जास्त सोसतो.

आपल्या गाडीचे खरे माप ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावरच्या कागदावर सापडते. हवा किती भरावी तेही तिथेच असते. ते माप वहीत उतरून घ्या आणि मग दुकानात जा. माप तेच हवे. भाराचा आकडा तेवढा किंवा जास्त चालेल, कमी कधीच नको. वेगाच्या अक्षराचेही तसेच. ९६ च्या जागी ९१ दिला, तर भार सोसण्याची ताकद ७१० वरून ६१५ किलोवर आली. जड गाडी, आत सात माणसे आणि वर सामान, अशा वेळी टायर फुटतो तो यातूनच.

काही जण हौसेने रुंद टायर घालतात. "काका, जरा रुंद घाला, गाडी कशी भारी दिसते!" असा आग्रहही होतो. दिसते खरी. पण २१५ च्या जागी २२५/६० घातला तर चाकाचा घेर सुमारे पावणेचार सेंटिमीटरने वाढतो. मग गाडी १०० किलोमीटर गेली तरी मीटर ९८ च्या आसपास दाखवतो. रुंद टायर वजनानेही जड, हवेलाही जास्त अडतो. हायब्रीडला ही हौस परवडत नाही.

यानंतर तारीख. बाजूवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. समजा २३२५ असे आहे. त्याचा अर्थ २०२५ सालचा २३ वा आठवडा, म्हणजे जूनचा आरंभ. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते, कडक होते, त्याला बारीक चिरा पडतात. दुकानदार म्हणेल, "ताई, माल नवाच आहे, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही." प्लास्टिक पाहू नका, चार आकडे पाहा. वर्षाच्या आतला असला तर उत्तम. त्याहून फार जुना असेल तर सरळ म्हणावे, "शेठ, दुसरा दाखवा." आयएसआयचे चिन्हही पाहावे. जुन्यावर नवे रबर चढवलेला टायर प्रवासी मोटारीला मी तरी कधी घालू देणार नाही, फुकट मिळाला तरीही.

जुना टायर कधी टाकावा? नक्षीच्या खाचांत मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी घासून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. कायद्याची हद्द ती. पण पावसाला ही हद्द पुरत नाही. तीन मिलिमीटर उरली की मृगाच्या आधी टायर बदलून टाकावा. खर्च दोन महिने आधी होतो, एवढेच.

चारही एकदम बदलायला पैसे नसतात, हे मला कळते. मग दोन घ्यावे, पण एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि एकाच आसाला. नवे दोन कुठे घालावे? पुष्कळ जण पुढे घालतात, कारण पुढचे जास्त घासतात. खरे तर नवे मागे घालावेत आणि मागचे बरे असलेले पुढे आणावेत. ओल्या वळणावर पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की सावरता येते. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते, आणि ती कसलेल्या ड्रायव्हरलाही आवरत नाही. पुढे दर दहा हजार किलोमीटरला टायरांची जागा बदलत राहिले, की चारही सारखे घासतात.

नवे टायर घातल्यावर पहिल्या महिन्यात एक तक्रार हमखास येते. "ॲव्हरेज पडलं हो!" लगेच दुकानदाराशी भांडू नका. नव्या टायरची नक्षी खोल असते, ती जास्त वाकते, म्हणून तो थोडे जास्त तेल खातो. शिवाय जुना टायर घासून लहान झालेला होता. सहा मिलिमीटर रबर गेले की चाकाचा व्यास बारा मिलिमीटरने कमी होतो. मग चाकाचे फेरे जास्त होतात आणि मीटर शंभराला पावणेदोन किलोमीटर जास्त दाखवतो. म्हणजे जुन्या टायरवर दिसणारे ॲव्हरेज थोडे फुगवलेलेच होते. दोन-तीन हजार किलोमीटर चालवून, पंपावरच्या पावत्या जपून मग हिशेब करा. तेव्हाही शेकडा पाच-सहाचा फरक राहिला तर आधी हवा पाहा, मग अलाइनमेंट पाहा, आणि त्यानंतर टायरला दोष द्या.

हवा पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी गाडी थंड असताना पाहावी. गाडी चालवून आल्यावर पाहिली तर हवा तापून जास्त दिसते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, म्हणजे वर सांगितले तसे जास्त तापतो आणि जास्त तेल खातो.

पैसे देताना पक्के बिल मागा. बिलावर टायरचे नाव, माप आणि नंबर लिहून घ्या. कंपनीची हमी त्यावरच मिळते. मोटारीच्या नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा २८ वरून १८ झाला आहे, तोही बिलात वाचा. टायर बसवताना बाजूवर बाण असेल तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने आहे ना, ते स्वतः उभे राहून पाहा. नव्या रबरावर साच्याचा थोडा गुळगुळीतपणा असतो. तो जाईपर्यंत पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर बेताने चालवा, आणि त्यानंतर चाकांचे नट एकदा पुन्हा आवळून घ्या.