संगणकातला दफ्तरखाना : नव्या हार्ड डिस्कला जागा कुठे करायची?

काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासूनचे अंक, जुनी मासिके, मोडी कागद, घराण्यांचा पत्रव्यवहार स्कॅन करून जपण्याचे काम आज ग्रंथालये करतात, तसे एकटेदुकटे संग्राहकही करतात. या कामात कपाटाचा प्रश्न सुटत नाही, तो फक्त संगणकात शिरतो. ए-फोर आकाराचे एक पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन करून आकार न घटवता साठवले, तर फाइल सुमारे २६ एमबीची होते. दोनशे पानांचा अंक ५.२ जीबी, असे हजार अंक ५.२ टीबी. स्कॅन ६०० डीपीआयने केले, तर हाच आकडा चौपट होऊन २१ टीबीच्या घरात जातो. मग नवी हार्ड डिस्क आणावी लागते. कॅबिनेट उघडावे, तर मदरबोर्डवर ती जोडायला पोर्टच शिल्लक नसतो.

पूर्वीच्या रुंद, चपट्या केबलवर दोन डिस्क बसत. २००३च्या सुमारास साटा पद्धतीच्या डिस्क बाजारात आल्या आणि एका केबलला एकच डिस्क हा नियम झाला. साध्या मदरबोर्डवर असे चार ते सहा पोर्ट असतात. त्यातला एखादा डीव्हीडी ड्राइव्हने अडवलेला असतो. शिवाय अनेक मदरबोर्डांवर एम-डॉट-टू खाचेत एसएसडी बसवली की एखाददुसरा साटा पोर्ट आपोआप बंद पडतो. नवी डिस्क ‘दिसत नाही’ म्हणून दुकानात परत नेण्याआधी मदरबोर्डच्या पुस्तिकेतले हे पान वाचावे.

पोर्ट संपले तरी वाटा तीन उरतात.

पहिली वाट यूएसबीची. डिस्क बाहेरच्या डबीत किंवा डॉकमध्ये ठेवायची. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २५० एमबी देते. यूएसबी ३.० प्रत्यक्षात ४०० एमबीच्या आसपास वाहून नेते, म्हणजे एका डिस्कला ही वाट पुरून उरते. मात्र केबल धक्क्याने निघू शकते, म्हणून रात्रंदिवस चालणाऱ्या साठ्यापेक्षा अधूनमधून जोडायच्या प्रतीसाठी ती बरी.

दुसरी वाट कार्डाची. मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत साटा कार्ड बसवले की दोन-चार पोर्ट वाढतात. याहून मोठा संग्रह असेल, तर सर्व्हरमध्ये वापरतात ते ‘एचबीए’ कार्ड घेता येते. त्याच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराला दोन जोड असतात, प्रत्येकातून चार केबल फुटतात आणि आठ डिस्क बसतात. त्याला मोठी खाच लागते. ते चांगलेच तापते, म्हणून त्यावर पंख्याचा वारा हवा.

तिसरी वाट पोर्ट मल्टिप्लायरची : एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी पट्टी. हे म्हणजे एका नळावर पाच बिऱ्हाडे. एकेकाने पाणी भरले तर ठीक, सगळ्यांनी एकदम तोटी सोडली की धार बारीक. शिवाय मूळ पोर्टला ही पद्धत कळावी लागते. ती न कळणाऱ्या पोर्टवर पाचातली एकच डिस्क दिसते. स्वस्त म्हणून ही पट्टी घेण्याआधी तेवढी खात्री करावी.

पोर्टइतकीच विजेची सोय महत्त्वाची. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर सुमारे दोन अँपिअर ओढते, म्हणजे जवळपास २४ वॉट. नंतर तिची भूक सहा-आठ वॉटांवर येते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या, तर क्षणभर शंभरेक वॉटांचा भार पडतो. एसएमपीएसकडून येणाऱ्या साटा पिनेची १२ व्होल्टवरची क्षमता साडेचार अँपिअर असते. म्हणून एका पिनेला फाटे फोडून चार डिस्क लावणे धोक्याचे. स्वस्त, ओतीव प्लास्टिकचे फाटे वितळून जळण्याचे प्रकार घडलेले आहेत. दोन डिस्कना एक, अशी एसएमपीएसपासून निघणारी वेगळी वायर घ्यावी.

संग्राहकाने मात्र वेग आणि किंमत यांच्याही आधी एक प्रश्न विचारावा : ही डिस्क उद्या काढून दुसऱ्याच संगणकाला लावली, तर वाचता येईल का? साधे साटा कार्ड किंवा एचबीए डिस्क जशीच्या तशी पुढे करते, तिथे उत्तर बहुधा ‘हो’ असते. रेड कार्डाचे तसे नाही. रेडची कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली बर्कलीहून मांडली : अनेक स्वस्त डिस्क मिळून एक भरवशाचा साठा. पण रेडच्या बहुतेक प्रकारांत एकाच फाइलचे तुकडे अनेक डिस्कवर विखुरतात आणि त्यांची मांडणी पुष्कळदा त्या कार्डालाच ठाऊक असते. कार्ड गेले, तर डिस्क धडधाकट असूनही तसेच कार्ड शोधत हिंडावे लागते. काही यूएसबी डॉकही डिस्कची मांडणी आपल्या सोयीने दाखवतात. तिथे भरलेली डिस्क थेट मदरबोर्डला लावली की कोरी दिसते. म्हणून नव्या जोडणीवर आधी दोन-चार फाइली टाकाव्यात, डिस्क काढून दुसरीकडे उघडून पाहावी, मगच संग्रह हलवावा.

आरशासारखी जुळी डिस्क ठेवली, तरी ती बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते आणि विजेचा झटका एकाच कॅबिनेटमधल्या दोघींनाही बसतो. दुसरी प्रत दुसऱ्या घरात, शक्यतो दुसऱ्या गावात हवी. आठ टीबीची प्रत १५० एमबीच्या वेगाने करायला पंधरा तास लागतात. एका रात्रीपेक्षा थोडे जास्त, एवढेच.

शेवटी, प्रत्येक डिस्कवर क्रमांक लिहावा. त्या क्रमांकापुढे आत काय आहे, ती कशाला जोडली होती आणि शेवटची तपासणी कधी झाली, हे साध्या वहीत नोंदवावे. आपल्यामागे हा संग्रह ज्याच्या हाती पडेल, त्याला आपला संगणक मिळेलच असे नाही. डिस्क आणि वही एवढ्यावर त्याचे काम भागले पाहिजे.