एकाच घोसात लहान-मोठ्या बिया

घरच्या झाडाच्या एकाच घोसात एका लिचीत टपोरी बी आणि शेजारच्या फळात सुकलेली, आक्रसलेली बी निघाली की संशय नर्सरीवाल्यावर जातो. तो बहुधा अनाठायी असतो. गुटी कलमाचे झाड मातृवृक्षाची हुबेहूब प्रत असते. बी मात्र प्रत्येक फुलाच्या स्वतंत्र परागीभवनातून घडते. कोवळ्या बीतला गर्भ मध्येच खुंटला, तर बी आक्रसते. गर म्हणजे तिच्यावरचे मांसल आवरण, ते वाढतच राहते. मग जातीला अर्थ काय? आहे तर! ‘बेदाना’त किंवा चीनच्या ‘नुओमीत्सी’त गर्भ खुंटण्याचा कल उपजतच जास्त. तरी फुलोऱ्यातले हवामान आणि परागकण कोणत्या जातीचे, यांवरही बीचा आकार अवलंबून असतो. बीपासून वाढलेल्या झाडाबद्दलची शंका मात्र रास्त, कारण त्यात मूळ जातीचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत.